बिलाच्या तीन ओळी: आरोग्यखर्चातलं सरकारचं काम नवख्यानं कसं समजून घ्यावं

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीतून पाच-सात पानांचा गठ्ठा हातात पडतो आणि प्रत्येक जण तो उलटा करून आधी शेवटचं पान काढतो. त्या पानाच्या तळाशी तीन ओळी असतात. एकूण बिल. विमा किंवा योजनेतून मंजूर. रुग्णाने भरायची रक्कम. नजर थेट तिसऱ्या ओळीवर जाते, आणि जाणारच. खिशातून द्यायचे ते पैसे तिथेच लिहिलेले असतात.

सरकारं बोलतात ती मात्र दुसऱ्या ओळीबद्दल. इतक्या लाखांचं कव्हर, इतक्या कोटी लोकांना कार्ड. मुळात बिल एवढं का झालं आणि तो आकडा कुणी ठरवला, म्हणजे पहिली ओळ, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पहिली ओळ मोकाट सुटली असेल तर दुसरी कितीही फुगवा, तिसरी काही आटत नाही.

योजना, विमा, अनुदान, सर्वांसाठी आरोग्य हे शब्द कानावरून गेलेत, पण त्यांचा एकमेकांशी धागा जुळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. देश कुठलाही असो, खालच्या क्रमानं गेलात तर तिथली व्यवस्था अर्ध्या तासात वाचता येते. एक कागद घ्या, त्यावर या तीन ओळी एकाखाली एक लिहा आणि बाजूला भरपूर जागा सोडा.

पायरी १: सरकार कुठल्या खुर्चीत बसलंय ते शोधा

"तिथे आरोग्यसेवा सरकारी आहे का?" हा प्रश्न विचारूच नका, कारण त्याला हो किंवा नाही असं सरळ उत्तर बहुतेक कुठेच नाही. सरकारला बसायला पाच खुर्च्या असतात. दवाखाना स्वतः चालवणारा मालक. दुसऱ्याच्या दवाखान्याचं बिल भरणारा. लोकांकडून सक्तीनं वर्गणी गोळा करणारा. दर ठरवणारा. आणि फक्त नियम करून लांबून लक्ष ठेवणारा.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा सरकार एका दिवसात बहुतेक रुग्णालयांचं मालक झालं. तरी फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. ते कंत्राटावरचे स्वतंत्र व्यावसायिकच राहिले. कॅनडात डॉक्टर बहुतांशी खासगी, पण त्यांचं बिल प्रांताचं सरकार भरतं. नेदरलँड्समध्ये २००६ पासून विमा कंपन्या खासगी आहेत, मात्र विमा घेणं प्रत्येकाला सक्तीचं आहे आणि आजारी माणसाला कंपनी मूळ विमा नाकारू शकत नाही. अमेरिकेत तर पाचही खुर्च्या एकाच घरात मांडलेल्या दिसतात. माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालयं, ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा, कमी उत्पन्नवाल्यांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना, आणि उरलेल्यांच्या खासगी विम्यावर नियमांची कुंपणं.

भारताचं चित्रही असंच मिश्र आहे. सरकारी रुग्णालयं आहेत, १९४८च्या कायद्यानं आलेला कामगारांचा राज्य विमा आहे, १९५४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांची वेगळी योजना आहे, २०१८ पासून पंतप्रधान जन आरोग्य योजना आहे, आणि या सगळ्यांच्या शेजारी खासगी व्यवहार आपल्या गतीनं चाललेला आहे.

तुमच्या कागदावर लिहा: माझ्या बाबतीत सरकार कोणत्या खुर्चीत आहे? शेजाऱ्याच्या बाबतीत खुर्ची वेगळी असू शकते. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन कुटुंबांना दोन वेगळ्या व्यवस्था लागू होतात.

पायरी २: मोफत हा शब्द खोडा आणि त्या जागी "आधी भरलेले" असं लिहा

हे थोडं हिशेबानं बघू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत.

समजा १,००० माणसांनी एकत्र पैसे जमवायचं ठरवलं. वर्षात त्यातली २० जण गंभीर आजारी पडतात आणि प्रत्येकी एक लाख रुपये खर्च येतो. एकूण २० लाख, म्हणजे माणशी २,००० रुपये. इथवर सगळे खूश.

पुढच्या वर्षी तरणीताठी ४०० माणसं म्हणतात, आम्हाला काही होत नाही, आम्ही कशाला भरू? ती बाहेर पडतात. त्यांच्यात आजारी पडणारे फक्त २ होते. उरल्या ६०० माणसांत १८ आजारी, खर्च १८ लाख, वर्गणी माणशी ३,०००. आता धडधाकट असलेले आणखी ३०० जण हिशेब करतात आणि निघून जातात. त्यांच्यातले आजारी ३. उरले ३००, आजारी १५, वर्गणी ५,०००. आजार तेवढेच, दवाखाना तोच, आणि वर्गणी दोन वर्षांत अडीचपट. आणखी दोन फेऱ्या झाल्या की फक्त आजारी माणसं उरतात आणि भिशी बुडते.

सरकारची गरज सर्वात आधी इथे लागते. दयाळूपणा वगैरे नंतरची गोष्ट. निरोग्यांना आत धरून ठेवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे नसतो.

धरून ठेवायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक म्हणजे कर: सगळ्यांच्या करातून खर्च, ब्रिटनसारखा. दुसरी सक्तीची वर्गणी. तिचा पहिला राष्ट्रव्यापी नमुना १८८३मध्ये जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कनं आणला. त्यात दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा होता. आज तिथे दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक विमा फंडाची थोडी जादा वर्गणी. भारतातल्या कामगार राज्य विम्यात २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे.

सक्ती नको असेल तर विमा कंपनीजवळ एकच उपाय उरतो, आजारी माणसाला दारातच अडवणं. अर्जावर मधुमेह लिहिला की अर्ज परत. अमेरिकेच्या २०१०च्या कायद्यानं २०१४ पासून असं अडवण्यावर बंदी घातली आणि सोबत विमा न घेणाऱ्याला दंड ठेवला. दोन्ही गोष्टी जोडीनंच यायला हव्या होत्या, का ते वरच्या हिशेबात दिसतंच. पुढे २०१९ पासून तो दंड शून्य केला गेला. तरी भिशी बुडाली नाही, याचं एक मोठं कारण असं की हप्त्यावर सरकारी अनुदान चालू राहिलं. थोडक्यात, काठी काढली तर गाजर मोठं ठेवावं लागतं.

एक गोष्ट इथे राहून जाऊ नये. "गरीब कर भरत नाहीत, त्यांना फुकट मिळतं" हे वाक्य चर्चेत हमखास येतं. साबणाच्या वडीवरचा कर भिकाऱ्यालाही चुकत नाही. प्रश्न असेल तर तो कुणी किती टक्के भरला एवढाच असतो.

पायरी ३: कोण, काय, किती

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१०च्या अहवालात एक सोपी आकृती दिली होती, एका ठोकळ्याची. लांबी म्हणजे किती लोक संरक्षणात आहेत, खोली म्हणजे कोणत्या सेवा मिळतात, उंची म्हणजे खर्चातला किती हिस्सा योजना उचलते. जाहिरातीत सहसा एकच बाजू दाखवतात. तुम्ही तिन्ही मागा.

कोण, हे समजायला सोपं. व्याप्ती बहुधा टप्प्याटप्प्यानं वाढते. दक्षिण कोरियानं १९७७मध्ये मोठ्या कारखान्यांच्या कामगारांपासून सुरुवात केली आणि १९८९पर्यंत सगळ्या देशाला आत घेतलं. बारा वर्षं. नोकरीशी जोडलेल्या व्यवस्थेत सगळ्यात शेवटी आत येतात ते स्वतःचा छोटा धंदा करणारे, शेतकरी आणि रोजंदारीवाले, कारण त्यांच्या पगारातून वर्गणी कापायला पगारपत्रकच नसतं.

काय, इथे थांबून वाचा. पंतप्रधान जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कव्हर प्रति कुटुंब प्रति वर्ष आहे आणि ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. त्यात दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावरचे १५ दिवस धरलेले असतात. रोजच्या बाह्यरुग्ण तपासणीचा आणि कायमच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. कॅनडाचं नाव सगळ्यांना कव्हर देणारा देश म्हणून घेतात, पण तिथेही रुग्णालयाबाहेर घेतलेली औषधं आणि दातांचे उपचार मूळ राष्ट्रीय हमीत कधी नव्हते. त्यासाठी वेगवेगळ्या पुरवण्या जोडत जाव्या लागल्या.

याचा अर्थ मधुमेही माणसाच्या घरात काय होतो ते बघा. महिन्याची गोळी, तीन महिन्यांची रक्ततपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि तळपाय दाखवणं. प्रत्येक खर्च छोटा, आणि प्रत्येक खर्च खिशातून. हात आखडला की आधी तपासणी सुटते, मग गोळी एक दिवसाआड होते. पायाला जखम होते, चिघळते. आणि ज्या दिवशी पाय कापायची वेळ येते त्या दिवशी कव्हर लागू होतं. योजना खोटी नाही, तिनं सांगितलं तसंच केलं. फक्त ती ज्या दारात उभी होती, तिथपर्यंत रुग्णाला यायची वेळच येऊ द्यायला नको होती.

म्हणून कागदावर दुसऱ्या ओळीशेजारी दोन खुणा करा: दाखल झाल्यावर काय, आणि दाखल न होता काय.

किती, याचं उत्तर एका टक्क्यात मिळालं तरी समाधान मानू नका. जपानमध्ये बहुतेक प्रौढांना बिलाचे ३० टक्के स्वतः भरावे लागतात. ऐकायला भारी वाटतं. पण उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा आहे, ती ओलांडली की पुढचा बोजा जवळजवळ सगळा विम्यावर जातो. उलट एखादी योजना ९० टक्के भरत असेल आणि वर मर्यादा नसेल, तर कर्करोगाच्या बिलातले उरलेले १० टक्के घर विकायला लावू शकतात. टक्का नंतर, मर्यादा आधी विचारा.

रुग्णाकडून थोडे तरी पैसे घ्यावेत का, यावर जुना वाद आहे. फुकट असलं की लोक उगाच दवाखान्यात जातात, असं एक मत. अमेरिकेत रँड संस्थेनं १९७४ ते १९८२ या काळात कुटुंबांना वेगवेगळ्या वाट्याचे विमे देऊन हे प्रत्यक्ष तपासलं. स्वतःचा वाटा भरणारे खरंच कमी वेळा डॉक्टरकडे गेले. पण त्यांनी टाळलेल्या उपचारांत अनावश्यक होते तसेच गरजेचेही होते. गोष्ट उघड आहे. छातीतलं दुखणं पित्ताचं की हृदयाचं, हे ठरवायलाच तर माणूस डॉक्टरकडे जातो; ते घरबसल्या ठरवता आलं असतं तर कशाला गेला असता? रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांचा दाब मोफत उपचार असलेल्या गटात जास्त चांगला आटोक्यात राहिला.

पायरी ४: पहिली ओळ

आता मुद्द्याला आलो. जरा सावकाश वाचा.

घराला रंग द्यायचा असेल तर आपण तीन रंगाऱ्यांना भाव विचारतो. छातीत कळ आलेल्या माणसाला रुग्णवाहिकेत झोपवून तीन रुग्णालयांचे भाव कोण विचारणार? शिवाय काय विकत घ्यायचं हेही विकणाराच सांगतो, आणि ते गरजेचं होतं का, हे घेणाऱ्याला नंतरही कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३च्या एका लेखात हेच मांडलं: आजाराच्या अनिश्चिततेमुळे आणि डॉक्टर-रुग्ण यांच्या माहितीतल्या दरीमुळे हा व्यवहार नेहमीच्या बाजारासारखा चालत नाही. घासाघीस करायला रुग्णाच्या वतीनं कुणीतरी मोठं, म्हणजे सरकार किंवा विमा, उभं राहावं लागतं.

ते मोठं माणूस सहसा चार रीतींनी पैसे देतं, आणि प्रत्येक रीतीला डॉक्टर वेगळा वागतो. वाईट असतो म्हणून नाही. व्यवस्था ज्याचे पैसे देते, ते जास्त होतं.

प्रत्येक कामाचा वेगळा दर दिला तर कामं वाढतात. तपासण्या वाढतात, पुन्हा बोलावणं वाढतं. जपाननं ही रीत ठेवली, पण देशभर एकच दरपत्रक लावलं आणि दर दोन वर्षांनी ते सरकार बदलतं. जी तपासणी फार फोफावली, तिचा दर पुढच्या वेळी कमी.

आजाराचं पॅकेज दिलं, म्हणजे या शस्त्रक्रियेचे इतके, मग तीन दिवस ठेवा की सात, तर रुग्णाला लवकर घरी पाठवायची घाई होते. मेडिकेअरनं १९८३मध्ये रुग्णालयांना असे आजारगटानुसार ठरलेले पैसे द्यायला सुरुवात केली. नंतर कितीतरी देशांनी तेच उचललं. भारतातल्या सरकारी योजनाही पॅकेजवरच चालतात.

माणशी वर्षाची ठोक रक्कम दिली तर रुग्ण निरोगी राहण्यात दवाखान्याचा फायदा. थायलंडनं २००२मध्ये सर्वांसाठी योजना आणली, जी भेटीमागे फक्त ३० बाट घेते म्हणून ओळखली गेली; तिथे बाह्यरुग्ण सेवेसाठी दवाखान्याला नोंदलेल्या डोक्यांप्रमाणे पैसे मिळतात. धोका उलटा: कमी उपचार करूनही पैसे तेवढेच.

आणि वर्षाचं एकूण बजेट बांधून दिलं तर खर्च हमखास ताब्यात राहतो, पण मार्चच्या आधी पैसे संपले की रांग वाढते.

चारही रीतींना खोट आहे, म्हणून शहाणी व्यवस्था त्यांची मिसळ करते. नवख्यानं एवढंच बघावं की दर मुळात ठरलेला आहे का, आणि तो मोडला तर कुणाला काही होतं का.

दर ठरवण्याच्या दोन गोष्टी सांगतो. फेब्रुवारी २०१७मध्ये भारतात हृदयाच्या स्टेंटच्या, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक नळीच्या, किमतीवर मर्यादा आली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटचे छापील भाव लाखाच्या घरात होते. एका सरकारी आदेशात किंमत इतकी खाली येऊ शकते म्हणजे आधी मधले किती हात भरले जात होते, याचा अंदाज बांधा. पण स्टेंट ही बिलातली एक ओळ. एका भांड्यावर झाकण ठेवलं की उकळी शेजारच्या भांड्यात जाते. स्टेंट जिथे बसवतात त्या कॅथलॅबचा खर्च, डॉक्टरांची फी, खोलीचं भाडं यांवर झाकण नव्हतं. म्हणून एखाद्या वस्तूचा भाव उतरल्याची बातमी आली की आनंद माना आणि मग संपूर्ण बिलाची बेरीज विचारा.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. औषधांची देशातली सगळ्यात मोठी गिऱ्हाईक मेडिकेअर. २००३च्या कायद्यानं तिला औषधांचं कव्हर दिलं आणि त्याच कायद्यात कंपन्यांशी भावाची बोलणी करायला मनाई केली. बाजारातल्या सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाचे हात बांधून त्याला पाकीट घेऊन दुकानात पाठवलं, असं समजा. २०२२च्या कायद्यानं ती गाठ थोडी सैल केली. बोलणी करून ठरलेले पहिल्या दहा औषधांचे भाव २०२६च्या जानेवारीत लागू झाले. मधल्या काळात दुसरी ओळ तर छान दिसत होती. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १७ टक्के आरोग्यावर खर्च करते आणि तरीही तिथे लाखो लोकांना विमा नाही, हे कोडं पहिल्या ओळीकडे बघितल्याशिवाय सुटत नाही.

उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी फक्त दर पाडा असं म्हणतोय असं वाटेल. पॅकेजचा दर खर्चाच्या खाली गेला किंवा सरकारनं बिलं सहा-सहा महिने लटकवली, तर रुग्णालय योजनेच्या रुग्णाला "बेड नाही" म्हणतं, किंवा पॅकेजबाहेरची चिठ्ठी फाडतं. माझ्या एका नातेवाइकाच्या वेळी हे जवळून पाहिलं. शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये मंजूर, तिसऱ्या ओळीत शून्य. घरी आल्यावर फाइल चाळली तर मेडिकलच्या वेगळ्या पावत्या निघाल्या: हातमोजे, ड्रेसिंगचं साहित्य, "किट" एवढंच लिहिलेली एक रक्कम, त्या किटमध्ये काय होतं ते कुठेच नाही. त्या पावत्या बिलाच्या गठ्ठ्यात नव्हत्याच, त्यामुळे तिसऱ्या ओळीतलं शून्य कागदोपत्री अगदी खरं होतं.

पायरी ५: "नाही" कोण म्हणतं?

सगळ्यांना सगळं देणारी व्यवस्था अजून कुठे जन्मली नाही. नकार सगळीकडे असतो, त्याचा चेहरा बदलतो. कुठे पैसे नाहीत म्हणून नकार, कुठे आठ महिन्यांनंतरची तारीख म्हणजे नकार, कुठे यादीत औषध नाही म्हणून नकार, कुठे विमा कंपनीचं पूर्वमंजुरी नाकारणारं पत्र.

ब्रिटननं १९९९मध्ये यासाठी नाइस नावाची संस्था काढली. एखादं नवं औषध माणसाला चांगल्या आरोग्याचं एक जादा वर्ष किती पैशांत देतं, हे ती मोजते. कित्येक वर्षं २० ते ३० हजार पौंड ही तिची ढोबळ सीमा होती. लोक तिला निष्ठुर म्हणतात. मला ती बरी वाटते, कारण निदान ती नकाराची कारणं छापते आणि त्यावर भांडता येतं. खिसा रिकामा म्हणून घरी परतलेल्या माणसाच्या नकाराची कुठे नोंदसुद्धा होत नाही.

आणि असे नकार राजकारणात महाग पडतात. ब्रिटनची आरोग्यसेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१मध्ये राजीनामा दिला, तो चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायच्या निर्णयावरून. सेवा सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती.

पायरी ६: हक्क कागदावरचा आणि हातातला

ही पायरी छोटी आहे पण पैसे वाचवते. योजनेत नाव आहे म्हणजे काम झालं असं नाही. ठरवलेला उपचार असेल तर दाखल होण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं शक्यतो लेखी घ्या. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का; असेल तर याच उपचारासाठी आहे का, कारण एखादं रुग्णालय डोळ्यांसाठी यादीत असतं आणि हृदयासाठी नसतं. पूर्वमंजुरी कोण पाठवणार. पॅकेजमध्ये औषधं आणि साहित्य धरलंय का. नकार आला तर दाद कुणाकडे.

बिल नेहमी बाबवार मागा. "इतर" या शब्दासमोर आकडा असेल तर त्यात काय आहे ते विचारायला लाजू नका.

आणीबाणीच्या हक्काचा अर्थ नीट वाचा. अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या कुणालाही पैसे न बघता तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल मात्र नंतर घरी येतं. उपचार मिळण्याचा हक्क वेगळा आणि ते फुकट मिळण्याचा हक्क वेगळा. बऱ्याच कायद्यांत फक्त पहिला असतो.

पायरी ७: आता आकडे वाचा

कव्हरचा आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला. आता तो वाचायला हरकत नाही. दर बांधलेला असेल तर पाच लाखांत खूप काही होतं, नसेल तर अतिदक्षता विभागातल्या काही दिवसांत ते संपतात.

व्यवस्था कशी चाललीय हे सांगणारा त्याहून चांगला आकडा म्हणजे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून गेलेला हिस्सा. भारताच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२मध्ये ३९.४ टक्के. दुसरं माप संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत वापरलं गेलं: घरखर्चाच्या १० टक्के, आणि त्याहून कडक २५ टक्के, आजारपणावर गेले की त्या घरावर मोठा घाला आला असं धरायचं.

या दोन्ही मापांत एक फट आहे. जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य. दुखणं अंगावर काढणारं घर या तक्त्यात सुरक्षित दिसतं. म्हणून खिशातला हिस्सा घटल्याचं वाचलं की सोबत किती लोकांना उपचार मिळाले, हेही शोधा. दोन्ही आकडे योग्य दिशेनं हलत असतील तरच सुधारणा.

उरलं तुमचं घर. गेल्या वर्षभरातल्या सापडतील तेवढ्या पावत्या काढा: औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, दाखल झाल्याचं बिल असेल तर ते. दोन ढीग करा, दाखल होऊन झालेला खर्च एकीकडे आणि न होता झालेला दुसरीकडे. मग तुमचं कार्ड किंवा पॉलिसी काढून बघा की ती कोणत्या ढिगाला हात लावते. बऱ्याच घरांत दुसरा ढीग उंच निघतो, आणि त्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर छापलेली किंमत कुणी ठरवली, इथून पहिल्या ओळीची चौकशी सुरू करता येते.